निकियाच्या आधीचे गाणे

येशू हा मुळात गालीलातला एक यहुदी उपदेशक होता आणि त्याला देवपण मिळाले ते इ.स. ३२५ मध्ये, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने निकिया येथे बोलावलेल्या बिशपांच्या परिषदेत, मतदानाने, असे विधान आज मराठीतही सहजपणे केले जाते. ते करणाऱ्यांत ख्रिस्ती धर्माचे विरोधक असतात, तसेच धर्मांच्या इतिहासाकडे चिकित्सक दृष्टीने पाहू इच्छिणारे प्रामाणिक वाचकही असतात. दुसऱ्या टोकाला काही ख्रिस्ती समर्थक उभे असतात. येशूच्या पहिल्या पिढीतला प्रेषित पौल याच्या एका पत्रातल्या चार ओळी वधस्तंभाच्या घटनेनंतर काही महिन्यांतच तयार झाल्या होत्या, म्हणून येशूचे पुनरुत्थान, म्हणजे मरणातून पुन्हा उठणे, ही इतिहासाने सिद्ध केलेली घटना आहे, असे ते तितक्याच सहजपणे सांगतात. २०२५ साली निकियाच्या परिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली. या दोन्ही विधानांची पारख ज्या पुराव्यावर व्हायला हवी तो बायबलच्या नव्या करारातच, सर्वांच्या समोर आहे: पत्रलेखकांनी आपल्या पत्रांत उद्धृत केलेली, पत्रांहून जुनी अशी स्तोत्रे आणि कबुलीवचने, म्हणजे श्रद्धेची लहान ठरीव विधाने. माझे म्हणणे असे की ख्रिस्ती श्रद्धेचा आपल्या हाती असलेला सर्वांत जुना थर पहिल्या दोन-तीन दशकांतल्या लहानलहान मंडळ्यांनी, म्हणजे ख्रिस्ती समुदायांनी, एकत्र जमून जे म्हटले आणि गायिले त्यात आहे. तो नीट वाचला तर निकियाविषयीचे ते लोकप्रिय विधान टिकत नाही आणि समर्थकांची घाईही टिकत नाही.

नवा करार उघडला की आधी चार शुभवर्तमाने, म्हणजे येशूची चरित्रे, येतात, त्यामुळे तीच आधी लिहिली गेली असा वाचकाचा समज होतो. प्रत्यक्षात मार्ककृत शुभवर्तमान, जे चारांत सर्वांत जुने मानले जाते, ते बहुतेक अभ्यासकांच्या मते इ.स. ७० च्या आसपासचे आहे, तर पौलाची निर्विवाद पत्रे त्याआधीच्या दोन दशकांतली आहेत. करिंथकरांस पहिले पत्र त्याने इफिस येथून साधारण इ.स. ५३ ते ५५ या काळात लिहिले. त्याआधी तो करिंथमध्ये राहून गेला होता, आणि त्या मुक्कामाचा काळ बराच नेमका ठरवता येतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या नव्या करारातल्या पुस्तकात ज्या गल्लियो नावाच्या प्रांताधिपतीसमोर पौलाला उभे केल्याचे सांगितले आहे त्याचा उल्लेख डेल्फी येथे सापडलेल्या, सम्राट क्लौद्याच्या काळातल्या एका शिलालेखात आहे, आणि त्यावरून गल्लियोचा कार्यकाळ इ.स. ५१-५२ असा निघतो. या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल करिंथकरांना आठवण करून देतो की, मला जे मिळाले होते तेच मी तुमच्या स्वाधीन केले. आणि पुढे एका मापाची चार विधाने येतात. ख्रिस्त शास्त्रलेखांप्रमाणे आमच्या पापांसाठी मेला. तो पुरला गेला. शास्त्रलेखांप्रमाणे तो तिसऱ्या दिवशी उठवला गेला. तो केफाला (म्हणजे पेत्राला) आणि मग बारा जणांना, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांना, दिसला.

हे शब्द पौलाने त्या क्षणी रचलेले नाहीत असे मानण्याला सबळ कारणे आहेत. ‘मिळाले’ आणि ‘स्वाधीन केले’ ही जोडी यहुदी गुरुपरंपरेत पाठ दिला-घेतला जाण्याची रूढ भाषा आहे, आणि प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीचा, वृत्तान्त सांगताना, अकराव्या अध्यायात, पौल तीच जोडी वापरतो. तो एरवी पापाविषयी बहुधा एकवचनात, मनुष्याला अंकित करणाऱ्या एका सत्तेविषयी बोलावे तसे बोलतो. इथे मात्र ‘पापांसाठी’ असे अनेकवचन आहे. ‘बारा जण’ हा शब्दप्रयोग त्याच्या पत्रांत दुसऱ्या कोठेही नाही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की आपल्या पाचारणानंतर, म्हणजे येशूचा अनुयायी झाल्यानंतर, तीन वर्षांनी तो यरुशलेमास गेला, केफाकडे पंधरा दिवस राहिला आणि प्रभूचा भाऊ याकोब याला भेटला. हा पाठ त्याला तिथे मिळाला, की त्याआधी दिमिष्कात, की पुढे अंत्युखियात, हे सांगता येत नाही. पण करिंथला तो सन ५० च्या सुमारास पोहोचला तेव्हा हा पाठ त्याच्या तोंडी तयार होता, हे त्याच्याच पत्रावरून दिसते. या विधानांचे मूळ वधस्तंभानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत आहे असे मत गेर्ड ल्युडेमान या जर्मन अभ्यासकानेही मांडले, आणि ल्युडेमान येशूचे शारीरिक पुनरुत्थान मानणारा नव्हता.

म्हणूनच समर्थकांना थांबवून एक गोष्ट सांगावी लागते. या ओळींवरून अगदी सुरुवातीच्या अनुयायांची श्रद्धा काय होती हे कळते, आणि ही श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू वाढत गेलेल्या दंतकथेतून आली नाही हेही कळते. प्रत्यक्षात काय घडले, हा प्रश्न त्यांनी सुटत नाही. तो सोडवायला वाचकाला स्वतःचे जगाविषयीचे आकलन पणाला लावावे लागते आणि तिथे इतिहासकाराचा अधिकार संपतो. शिवाय जुने म्हणजे पूर्ण, असेही नाही. शुभवर्तमानांत रिकामी कबर प्रथम पाहणाऱ्या स्त्रियांपैकी एकीचेही नाव या पाठात नाही. साक्षीदारांची यादी करताना कोणाची नावे घ्यायची हे पहिल्या मंडळ्यांनीही निवडूनच ठरवले होते, आणि ती निवड मला आजही खटकते.

पौलाच्या पत्रांत आणि इतर पत्रांत अशी उद्धृते ओळखायची कशी, हा या विषयातला खरा अवघड भाग आहे. निरूपण रंगात आले असता कीर्तनकार एखाद्या अभंगाचा चरण कवीचे नाव न घेता बोलून जातो आणि समोरचे वारकरी लयीवरूनच तो ओळखतात, तसे त्या मूळ श्रोत्यांचे झाले असणार. पण आपल्याजवळ ती लय कानात नाही, फक्त कागदावरचे ग्रीक आहे. १९१३ साली एडुआर्ड नॉर्डेन या अभिजात भाषांच्या पंडिताने प्राचीन प्रार्थना आणि स्तुतिगीतांची शैली तपासून दाखवले की ‘जो’, ‘ज्याने’, ‘ज्याच्यात’ अशा संबंधी सर्वनामांनी आणि धातुसाधितांनी वाक्य पुढे नेत जाणे ही स्तोत्राची खास खूण आहे. या खुणेबरोबर आणखी काही खुणा मागाहून जुळल्या: आधी येणारा एखादा उद्धरणसूचक शब्द, सभोवतालच्या वाक्याशी न जमणारे व्याकरण, त्या लेखकाचे एरवी न आढळणारे शब्द, आणि चालू मुद्द्याला लागते त्याहून पुष्कळ जास्त आशय. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला ३:१६ हा उतारा या सर्व कसोट्यांना उतरतो. आधीच्या नपुंसकलिंगी नामाशी न जुळणारे पुल्लिंगी ‘जो’ अचानक येते, आणि मग सहा लहान चरण, प्रत्येकात भूतकाळी कर्मणी क्रियापद, सर्वांचा शेवट एकाच ध्वनीने: जो देहात प्रकट झाला, आत्म्यात नीतिमान ठरला, देवदूतांना दिसला, राष्ट्रांत गाजवला गेला, जगात विश्वासिला गेला, गौरवात वर घेतला गेला. पुढच्या काळातल्या नकलाकारांना ते निराधार ‘जो’ सहन झाले नाही आणि अनेक हस्तलिखितांत त्या जागी ‘देव’ असा शब्द आला. ग्रीकमध्ये दोन्हींच्या संक्षिप्त लेखनात एका-दोन रेघांचाच फरक आहे. इफिसकरांस पत्रातला ५:१४ हा तर सरळच ‘म्हणून म्हटले आहे’ अशी प्रस्तावना करून ‘हे झोपलेल्या, जागा हो’ असे सुरू होतो. ही ओळ यहुदी शास्त्रात कोठेही याच शब्दांत नाही, आणि ती बाप्तिस्म्याच्या वेळी म्हटली जात असावी असे बहुतेकांना वाटते.

या सगळ्यांत सर्वांत लहान उतारा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी, ग्रीक बोलणाऱ्या वाचकांसाठी, पौल एक अरामी शब्द भाषांतर न करता लिहितो: मारानाथा, म्हणजे ‘आमच्या प्रभू, ये’. तोच शब्द ‘दिदाखे’ या जुन्या उपासनाविषयक पुस्तिकेत प्रभुभोजनाच्या प्रार्थनेच्या शेवटी येतो. विल्हेल्म बूसे या जर्मन पंडिताने, तेही १९१३ सालीच, असा सिद्धान्त मांडला होता की येशूला ‘प्रभू’ म्हणून पुजणे ही पॅलेस्टाइनबाहेरच्या ग्रीकभाषक, मूर्तिपूजक परंपरेतून आलेल्या मंडळ्यांची देणगी आहे, यरुशलेमातल्या मूळ यहुदी अनुयायांत ती नव्हती. हा सिद्धान्त दीर्घकाळ प्रभावी राहिला आणि आजही त्याची सोपी केलेली आवृत्ती लोकांच्या तोंडी असते. मारानाथा हा शब्द त्याच्या आड येतो. करिंथच्या लोकांनी अरामी शब्द स्वतःहून घडवला नसता. तो अरामी बोलणाऱ्या मंडळीकडूनच त्यांच्यापर्यंत आला, आणि त्या मंडळीत मृत्यू पावलेल्या गुरूला हाक मारून ‘ये’ म्हटले जात होते. काटेकोर एकेश्वरवादी यहुद्यांच्या समुदायात अशी हाक उपासनेचा भाग व्हावी, ही धर्मांच्या इतिहासातली असाधारण घटना आहे.

आता फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातल्या सहा ते अकरा या वचनांकडे वळतो. सगळा वाद इथेच सर्वांत दाट आहे. पौल तुरुंगातून लिहीत आहे आणि फिलिप्पैच्या मंडळीला सांगत आहे की आपापसांत चढाओढ करू नका, दुसऱ्याला आपल्याहून श्रेष्ठ माना. हा उपदेश करता करता तो एकदम अशा उंचीवर जातो की ज्याची त्या उपदेशाला गरज नव्हती. देवाच्या स्वरूपात असूनही त्याने देवाशी असलेली बरोबरी पकडून ठेवण्याची वस्तू मानली नाही; त्याने स्वतःला रिते केले, दासाचे स्वरूप घेतले, माणसासारखा झाला; स्वतःला खाली केले आणि मरणापर्यंत, वधस्तंभावरच्या मरणापर्यंत, आज्ञाधारक राहिला. म्हणून देवाने त्याला अत्युच्च केले आणि सर्व नावांहून श्रेष्ठ असे नाव दिले, यासाठी की स्वर्गातल्या, पृथ्वीवरच्या आणि पृथ्वीखालच्या प्रत्येकाचा गुडघा टेकावा आणि प्रत्येक जिभेने कबूल करावे की येशू ख्रिस्त प्रभू आहे.

१९२८ साली एर्न्स्ट लोमायर याने एका लहान ग्रंथात दाखवले की हा उतारा तीन-तीन ओळींच्या सहा कडव्यांत बसतो, आणि त्या मापाबाहेर पडणारे ‘वधस्तंभावरच्या मरणापर्यंत’ हे शब्द पौलाने आपल्या हाताने जोडलेले आहेत. (नाझी राजवटीशी तडजोड न केलेला हा विद्वान युद्धानंतर ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठ पुन्हा सुरू होण्याच्या सुमारास सोव्हिएत अधिकाऱ्यांकडून पकडला गेला आणि १९४६ साली त्याला ठार करण्यात आले, आज्ञाधारक मरणाच्या गीताचा हा पहिला मोठा वाचक होता, हे त्याचे पुस्तक वाचताना विसरता येत नाही.) लोमायरनंतर इतरांनी कडव्यांची विभागणी वेगळी केली. ओटफ्रीड होफियस याने तर वधस्तंभाचे शब्द हेच गीताचे शिखर आहे, ते उपरे नाहीत, असे प्रतिपादन केले. गॉर्डन फी याने मुळातच शंका घेतली: या ओळींत ग्रीक वृत्त नाही, ग्रीक मातृभाषा असलेल्या चर्चच्या प्राचीन आचार्यांनी हे गीत म्हणून ओळखले नाही, आणि प्रेमाविषयीचा करिंथकरांस पत्रातला तेरावा अध्याय लिहिणारा पौल असे उदात्त गद्य स्वतः लिहू शकत होताच.

फीचा आक्षेप गंभीर आहे आणि मी तो बाजूला सारत नाही. तरीही उतारा वाचताना मला पारडे जुन्या रचनेकडे झुकलेले वाटते. येथे पौलाला नेहमी लागणारे ‘आमच्यासाठी’, ‘पापांसाठी’ असे शब्द नाहीत, पुनरुत्थान हा शब्द नाही, आणि ‘स्वरूप’ यासारखे काही शब्द त्याच्या इतर लेखनात याच रूपात सापडत नाहीत. पण समजा, हे सर्व पौलाचेच आहे असे मानले. तरी मुद्दा फारसा बदलत नाही. पत्र इ.स. ५० ते ६२ यांमधले राहते. पौल हे वर्णन करताना कोणताही नवा सिद्धान्त पटवून देत नाही, त्यासाठी युक्तिवाद करत नाही, तर सर्वांना आधीच मान्य असलेल्या गोष्टीवर आपला नम्रतेचा उपदेश उभा करतो. आणि ती मान्य गोष्ट किती धाडसी आहे, हे यशया संदेष्ट्याचा पंचेचाळिसावा अध्याय शेजारी ठेवला की कळते. ‘मीच देव, दुसरा कोणी नाही’ असे जिथे परमेश्वर बजावतो, तिथेच ‘प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल’ हे वचन आहे. इब्री शास्त्रातल्या सर्वांत ठाम एकेश्वरवादी उताऱ्यांपैकी तो एक आहे. त्यातला गुडघा टेकण्याचा मान या गीतात येशूला दिला आहे, आणि शेवटची ओळ ‘देवपित्याच्या गौरवासाठी’ अशी आहे, म्हणजे तो मान देवाच्या मानातून वजा होत नाही. निकियाला २६० वर्षांहून अधिक अवकाश होता तेव्हाची ही गोष्ट आहे.

हे गीत कोणापुढे वाचले गेले हेही विसरू नये. फिलिप्पै ही मासेदोनियातली रोमन वसाहत होती, निवृत्त सैनिकांची वस्ती असलेली, आपल्या रोमन नागरिकत्वाचा आणि मानमरातबांचा अभिमान बाळगणारी. त्या जगात वधस्तंभ ही गुलामाला द्यायची शिक्षा समजली जात असे. अशा नगरात, ज्यांच्या सभेत गुलामही बसलेले असणार अशा लोकांनी, ज्याने गुलामाचे रूप घेतले आणि गुलामाचे मरण पत्करले त्याला ‘प्रभू’ म्हणावे, हे केवळ धर्मशास्त्रीय विधान राहत नाही. सम्राटाने दिलेल्या देवपणाची कल्पना या गीतावर लादताना लोक हे विसरतात की या गीतातला प्रवास सम्राटाच्या प्रवासाच्या नेमका उलट दिशेने सुरू होतो.

मात्र याचा अर्थ निकियाचा सिद्धान्त पहिल्या दशकांत तयारच होता असा घेतला तर तीही चूक ठरेल. उद्धृत कबुलीवचने एका सुरात बोलत नाहीत. रोमकरांस पत्राच्या आरंभी, १:३-४ मध्ये, पौलाने एक जुने सूत्र दिले आहे असे मानतात: देहाने दाविदाच्या वंशात जन्मलेला, आणि पवित्रतेच्या आत्म्याप्रमाणे मेलेल्यांतून उठण्याने सामर्थ्यासह देवाचा पुत्र ठरवला गेलेला. येथे पुत्रत्वाची घोषणा पुनरुत्थानाशी जोडलेली आहे, जगाच्या उत्पत्तीच्या आधीशी जोडलेली नाही. उलट कलस्सैकरांस पत्रातले स्तोत्र, १:१५-२०, त्याला अदृश्य देवाची प्रतिमा आणि सर्व सृष्टीचा ज्येष्ठ म्हणते आणि सर्व काही त्याच्याद्वारे निर्माण झाले असे गाते. योहानकृत शुभवर्तमानाच्या आरंभीचे शब्दाविषयीचे स्तोत्र त्याहून पुढे जाते. फिलिप्पैकरांस पत्रातही पूर्वास्तित्वाची, म्हणजे येशू जन्माआधीही होता अशी, कल्पना नसून आदामाशी केलेली तुलना आहे, असे जेम्स डन यांच्यासारख्या अभ्यासकाने मानले. चौथ्या शतकात, पुत्र हा निर्मित आहे असे शिकवणाऱ्या अरियसच्या पक्षाने ज्या वचनांचा आधार घेतला त्यांत हेच कलस्सैचे ‘सृष्टीचा ज्येष्ठ’ होते: ज्येष्ठ म्हणजे सृष्टीतला पहिला, म्हणजेच निर्मित, असा त्यांचा अर्थ. म्हणजे निकियाचा वाद या गीतांच्या अर्थावरूनही पेटला.

मधल्या काळातले धागेही गाण्याचेच आहेत. इ.स. ११२ च्या सुमारास बिथुनिया आणि पंत या प्रांतांचा अधिपती धाकटा प्लिनी सम्राट ट्रेजनला कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला, जणू एखाद्या देवाला, आळीपाळीने स्तोत्र म्हणतात. ही माहिती पडताळण्यासाठी त्याने ज्यांचा छळ केला त्या मंडळीतल्या दोन सेविका होत्या, आणि दोघीही गुलाम होत्या. तिसऱ्या शतकातल्या एका अनाम लेखकाचा उतारा युसीबियस या चर्चच्या इतिहासकाराने जपून ठेवला आहे. ख्रिस्त केवळ मनुष्य होता अशी शिकवण हीच मूळ शिकवण, असे म्हणणाऱ्यांना तो विचारतो की प्रारंभापासून विश्वासू बंधूंनी ख्रिस्ताला देवाचा शब्द म्हणून गाणारी जी इतकी स्तोत्रे लिहिली त्यांचे काय करायचे. अंत्युखियाचा बिशप समोसाटाचा पौल याला २६८ च्या सुमारास पदच्युत करणाऱ्या धर्मसभेची एक तक्रार अशी होती की त्याने ख्रिस्ताला उद्देशून म्हटली जाणारी गीते नव्या लोकांच्या नव्या रचना म्हणून बंद केली. स्वतः अरियसनेही आपले मत ‘थालिया’ या पद्यरचनेत मांडले होते. निकियात प्रश्न होता तो पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे की निर्मितीतला सर्वोच्च आहे असा. तिथे जमलेल्या दोन्ही पक्षांच्या मंडळ्यांत ख्रिस्ताची उपासना चालूच होती. अखेरपर्यंत सही न करणाऱ्या दोन बिशपांच्याही. तिथे मंजूर झालेला मतांगीकारसुद्धा, म्हणजे श्रद्धेचा अधिकृत जाहीरनामाही, एखाद्या स्थानिक मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या कबुलीवर बेतलेला असावा असे अभ्यासक मानतात. सम्राटाचा दबाव होता आणि त्याचे राजकीय हेतू होते, हे मी नाकारत नाही; पण त्या दबावाखाली काय ठरले आणि काय आधीपासून होते, यातला फरक न करता केलेली चिकित्सा चिकित्सा राहत नाही.

या सर्व उद्धृतांपैकी एका वचनाविषयी मला सर्वांत आग्रहाने बोलायचे आहे, कारण त्याचा संबंध आपल्या समाजाशी थेट पोहोचतो. गलतीकरांस पत्रातल्या ३:२७-२८ मध्ये पौल बाप्तिस्मा घेतलेल्यांना सांगतो की तुम्ही ख्रिस्त परिधान केला आहे. यहुदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही. दास नाही, स्वतंत्र नाही. पुरुष आणि स्त्री नाही. तुम्ही सर्व ख्रिस्त येशूत एक आहात. त्याच्या चालू युक्तिवादाला फक्त पहिला जोड लागत होता. दुसरा आणि तिसरा जोड आले ते सूत्र तसे होते म्हणून. शिवाय तिसऱ्या जोडात ‘नाही... नाही’ ही रचना मोडून ‘पुरुष आणि स्त्री’ असा उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातला शब्दप्रयोग येतो. हे बाप्तिस्म्याच्या वेळी म्हटले जाणारे वचन असावे हा निष्कर्ष म्हणून बऱ्याच अभ्यासकांना पटतो. पुढे काय झाले तेही लिखित स्वरूपात आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रात, १२:१३ मध्ये, हेच वचन येते पण पुरुष-स्त्रीचा जोड गळालेला असतो. कलस्सैकरांस ३:११ मध्येही तो नाही. ज्या मंडळ्यांनी प्रवेशद्वारातच असे म्हणायला शिकवले त्यांनाच त्यातली एक ओळ काही वर्षांत जड जाऊ लागली, असे मी या तुलनेवरून वाचतो.

भारतातल्या ख्रिस्ती समाजाने ही तुलना आपल्याशी जोडून पाहायला हवी. गोव्यातल्या काही चर्चमध्ये कॉन्फ्रारिया, म्हणजे चर्चशी जोडलेले बंधुसंघ, जातवार राहिल्या. भारतीय कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये अस्पृश्यतेचे आचार आहेत हे स्वतःच मान्य केले. महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांतले बहुसंख्य सभासद ज्या जातींतून आले त्या जातींना बाप्तिस्म्याच्या पाण्यापलीकडेही पूर्वीची ओळख चिकटवली गेली. अशा वेळी समतेचा हा आशय आधुनिक काळाने ख्रिस्ती धर्मात घुसवला असे म्हणणारे आणि तो आशय आमच्या धर्मात पहिल्यापासून आहे म्हणून स्वस्थ बसणारे, हे दोघेही त्या वचनाचा इतिहास वाचत नाहीत. ते वचन पहिल्यापासून आहे, आणि पहिल्यापासूनच ते अपुरे म्हटले गेले आहे.

मराठीत या विषयाला एक स्वाभाविक आधार उपलब्ध आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली राशोल येथे छापलेले ‘क्रिस्तपुराण’ सुमारे ११ हजार ओव्यांचे आहे, आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी मराठी मंडळ्यांना जी गीते आणि अभंग दिले त्यांनी धर्मशिक्षणाच्या पुस्तकांहून अधिक शिकवले, असे मला वाटते. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत सिद्धान्त पोहोचला तो चालीतून. ज्या परंपरेला गाऊन शिकण्याची इतकी सवय आहे तिने शास्त्रातलीच गीते गद्य परिच्छेदासारखी वाचावीत याला काही कारण नाही. माझी मागणी म्हणून साधी आहे. मराठी बायबलच्या पुढच्या आवृत्त्यांनी हे उतारे चरणांत मांडावेत, आणि तळटिपेत कोणता निष्कर्ष भक्कम आहे आणि कोणता वादग्रस्त, हे स्पष्ट सांगावे: करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायातला पाठ परंपरेने मिळालेला आहे असे पौल स्वतः सांगतो, फिलिप्पैकरांस २ विषयी मतभेद आहेत, तीमथ्याच्या पत्रात ‘जो’ की ‘देव’ हा पाठभेद आहे. दृढीकरणाच्या, म्हणजे मुलांना मंडळीचे पूर्ण सभासद करून घेण्याच्या विधीच्या, वर्गात निकियाचा मतांगीकार शिकवताना त्याच्या आधी हे उतारे शिकवावेत, म्हणजे मुलांना मतांगीकार कोठून आला ते कळेल आणि उद्या कोणी मतदानाची गोष्ट सांगितली तर त्यांना उत्तर देता येईल, तसेच आपल्या बाजूच्या अतिशयोक्तीलाही ती भुलणार नाहीत. आणि बाप्तिस्म्याच्या विधीत गलतीकरांस पत्रातले ते तीनही जोड, एकही न गाळता, मंडळीने मोठ्याने म्हणावेत.